चाळीस मिनिटं, मन सात

गोळ्यांच्या दोन नावांखाली डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्या ओळीत ‘व्यायाम’ असं लिहिलं आणि त्याच्यापुढे, गोळ्यांसारखंच, ‘आठवड्यातून तीनदा, चाळीस मिनिटं’. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

“हे काय?” मी विचारलं.

“औषध,” त्या म्हणाल्या. “गोळ्या चालूच राहतील. पण जोडीला अंग हललं की बऱ्याच जणींना फरक पडतो. मागच्या इमारतीत आमचा बायकांचा वर्ग आहे, तिथं पाठवा यांना.”

‘यांना’ म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला. ती शेजारच्या खुर्चीत बसून स्वतःची नखं बघत होती. चौतीस वर्षांची बाई, पण दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय असा चेहरा.

“अहो डॉक्टर, अंग हलवून मन बरं होत असतं तर आमच्या कारखान्यातल्या सगळ्या बायका गाणी म्हणत फिरल्या असत्या. नऊ-नऊ तास राबतात.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “ते काम झालं,” एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मला असं एका वाक्यात उडवून लावलेलं अजिबात खपत नाही.

माझा धंदाच संशयाचा आहे. शर्टांच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं चेकर आहे. शिवून आलेला शर्ट माझ्या टेबलावर पडतो, डोक्यावर पांढरी ट्यूबलाइट, आणि मी कॉलरपासून सुरुवात करते. कॉलरची दोन्ही टोकं सारखी आहेत का, टाका सुटलाय का, कुठं मशीनच्या तेलाचा डाग आहे का. खोट सापडली की तिथं लाल बाणाची पट्टी चिकटवायची आणि शर्ट परत पाठवायचा. शिवणाऱ्या पोरी माझ्या माघारी मला ‘एक्सरे’ म्हणतात. मला ते माहीत आहे आणि त्याचा रागही येत नाही. राग येतो तो सकाळपासून एकही खोट न पाठवणाऱ्या लाइनीचा, म्हणजे शिवणाऱ्यांच्या रांगेचा. माणसाच्या हातून चाळीस शर्टांत एखादा टाका सुटतोच. सुटत नसेल तर कुणीतरी काहीतरी लपवतंय, हे मी डोळे मिटून सांगते.

धाकटीही पूर्वी याच कारखान्यात कफ लावायची. हात चांगला होता तिचा. वेगळी खोली घेऊन एकटी राहायची, हौसेने. मग तिचं सगळं मंद मंद होत गेलं. बोलणं, खाणं, केस विंचरणं. कारण विचारू नका, विचारून विचारून मीही थकले. डॉक्टरीणबाई म्हणतात, कारण असायलाच हवं असं नाही. मी रोज संध्याकाळी फोन करायचे आणि ती रोज म्हणायची, “बरी आहे गं.” दोन महिने बरी आहे, बरी आहे. आणि एका मंगळवारी भर दुपारी मला टेबलावरून उठवून फोनवर बोलावलं, तो फोन हॉस्पिटलातून होता.

ती वाचली. पाच आठवडे वॉर्डात होती. तिथल्या खिडक्या चार बोटांपेक्षा जास्त उघडायच्या नाहीत. तिथून मी तिला सरळ आमच्या घरी आणलं. अनोळखी शिवणारणीच्या हातचा सुटलेला टाका मला लांबून दिसतो, आणि सख्खी बहीण दोन महिने रोज फोनवर थापा मारत होती तरी मला कळलं नाही. हे माझ्या मनातून जात नाही. जाईल असं वाटतही नाही.

म्हणून त्या दिवशी क्लिनिकच्या पायऱ्या उतरतानाच मी तिला बजावलं. “हे बघ, हे उड्या मारण्याचं मला पटलेलं नाही. पण लिहून दिलंय तर करायचं. एक दिवस जरी चुकवलास, नाहीतर मला थाप मारलीस, तर सरळ उचलून परत वॉर्डात नेऊन घालीन. कळलं?”

वॉर्ड म्हटलं की तिचा चेहरा पांढराफटक पडतो. मला वाटलं, पडू दे, थोडा धाक हवाच.

वर्ग सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी अकराला. त्या वेळी मी कारखान्यात आणि आमचे हे लिफ्ट दुरुस्त करत कुठल्यातरी इमारतीच्या गच्चीवर. म्हणजे तिच्यावर लक्ष ठेवायला घरात कुणी नाही. वर्गातून तिला रेघा मारलेला एक कागद मिळाला होता. तारीख, किती वेळ, आणि मन दहापैकी किती. मी तो फ्रिजला चुंबकाने लावून टाकला. संध्याकाळी घरात शिरले की चपला काढायच्या आधी मी तो कागद वाचायची.

पहिला सोमवार, चाळीस मिनिटं, मन सहा. बुधवार, चाळीस, मन सात. शुक्रवार, चाळीस, सात. दुसरा आठवडा चाळीस, सात. तिसरा चाळीस, सात. अक्षर एकसारखं, पेन एक, सात आकड्याची शेपटीसुद्धा सारखी वळलेली.

“आज काय काय केलं?” मी विचारायची.

“आधी वॉर्मअप. मग चालणं. मग ते रबरी पट्टे ओढायचे असतात ते.”

“शेजारी कोण असतं?”

“एक शिक्षिका आहे. एक बेकरीवाली आहे.”

“आणि शिकवणारी कशी आहे?”

“चांगली आहे. गळ्यात शिट्टी असते तिच्या.”

याच्यापलीकडे गाडी जायची नाही. मी त्या बाईला मनातल्या मनात शिट्टीबाई म्हणायला लागले आणि तिचाही संशय घ्यायला लागले. जी बाई गळ्यात शिट्टी घालून मन बरं करते तिच्यावर कसला विश्वास ठेवायचा?

“अगं, सात म्हणते तर असेल सात,” हे म्हणाले. “तुला काय दहाच्या दहा हवेत?”

“मला चार हवेत. एखाद्या दिवशी पाच. एखाद्या दिवशी डोकं दुखलं, गेले नाही, असं हवं. इतकं सरळ कधी कुणाचं असतं का?”

“तू ना, आरशातसुद्धा बाण चिकटवशील,” ते म्हणाले आणि तोंडाला पेपर लावून बसले.

पाचव्या आठवड्यात माझ्याच्याने राहवेना. शनिवारी ती आंघोळीला गेली तेव्हा मी तिचे बूट उलटे केले. नवे बूट. तळाच्या खाचा जशाच्या तशा. महिनाभर आठवड्याला तीनदा चालणाऱ्या बाईच्या बुटाची टाच कुठंतरी घासलेली नको का? मग टी-शर्ट हातात घेतला. घाम वाळला की पाठीवर मिठाची पांढुरकी कड उमटते. उन्हाळ्यात शिवणाऱ्यांचा घाम लागलेले शर्ट मी त्या कडेवरूनच बाजूला काढते. हिच्या टी-शर्टवर कड नाही, काही नाही. मी तो नाकाला लावून हुंगला. साबणाचा वास. चाळीस मिनिटं व्यायाम केलेल्या टी-शर्टला साबणाचा वास येतो होय?

वळले तर धाकटी डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात उभी.

“धुवायला टाकत होते,” मी म्हटलं.

“बरं,” ती म्हणाली आणि आत गेली.

बरं काय बरं! माझ्या अंगाची लाही झाली. पण रागाच्या खाली भीती होती, ती मी कुणाला सांगितली नाही. ही आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास घराबाहेर असते. व्यायाम करत नाही. मग जाते कुठं? एकटी बसून काय करते? कसला विचार करते? कामावर मला टाके दिसेनासे झाले. एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या होत्या तरी मी तो पास केला, आणि सुपरवायझरने सगळ्यांसमोर तो मला आणून दाखवला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या शनिवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं, सहा आठवड्यांची तपासणी. मी मनाशी ठरवलं की तिथं सगळं बाहेर काढायचं आणि हिला परत वॉर्डात ठेवून घ्या म्हणून स्पष्ट सांगायचं. घरी बसून आणखी एका फोनची वाट बघण्यापेक्षा ते बरं. पण पुराव्याशिवाय तोंड उघडणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून शुक्रवारी दाढ दुखते असं सांगून मी अर्धा दिवस रजा घेतली आणि आमच्या कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन उभी राहिले.

ती पावणेअकराला खाली आली. निळी ट्रॅकपँट, तोच टी-शर्ट, केस घट्ट बांधलेले. मी मागे. पाळत ठेवणं म्हणजे धावपळ असेल असं मला वाटलं होतं, पण ही इतकी हळू चालत होती की तिच्या मागे राहायला मला प्रत्येक दुकानासमोर उभं राहून बादल्या, झाडू, काय असेल ते निरखून बघावं लागत होतं. एका माणसाने दोनदा विचारलं, बाई काय हवंय.

क्लिनिकच्या गेटपाशी ती थांबली. मागच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून गाण्याचा दणका आणि पाय आपटल्याचे आवाज येत होते. दोन-तीन बायका गप्पा मारत आत गेल्या. एकीने हिला हात केला, हिनेही हात केला. आणि आत न जाता ती वळली आणि कुंपणाच्या भिंतीकडेने मागच्या रस्त्याला लागली.

पकडली! खरं सांगते, मला आधी आनंद झाला. माझा संशय खरा निघाला म्हणून आनंद. त्याची लाज मला नंतर वाटली, तेव्हा नाही.

मागचा रस्ता लांबलचक आणि सरळ होता. एका बाजूला क्लिनिकला लागून असलेल्या हॉस्पिटलची भिंत, दुसऱ्या बाजूला गोदामं, मधून सामानाचे ट्रक. फुटपाथच्या कडेला दिव्याचे खांब, प्रत्येकावर रंगाने आकडा घातलेला. धाकटी पहिल्या खांबापाशी गेली, त्यावर हात ठेवून उभी राहिली. बराच वेळ. मग दुसऱ्या खांबापाशी. परत उभी. तिसरा. मी एका गोदामाच्या दाराआडून बघत होते आणि मला काही केल्या अर्थ लागत नव्हता. चौथ्या खांबापाशी मात्र तिने कपाळ खांबाला टेकवलं, डोळे मिटले, आणि तिचा एक पाय फुटपाथवरून खाली रस्त्यावर उतरला. समोरून ट्रक येत होता.

मी शेवटची कधी पळाले होते मला आठवत नाही. त्या दिवशी पळाले. चप्पल एकीकडे, पिशवी एकीकडे. तिचा दंड धरला आणि हिसडा देऊन मागे ओढलं.

“काय करतेस? काय चाललंय तुझं? कुणाला फसवतेस तू?” मी भर रस्त्यात ओरडत होते. ट्रकवाला हॉर्न वाजवत निघून गेला.

तेवढ्यात शिट्टी वाजली. पाचव्या खांबापाशी घडीच्या स्टुलावर एक जाडजूड बाई बसलेली होती, ती मला इतका वेळ दिसलीच नव्हती. ती उठून आमच्याकडे आली.

“त्यांचा हात सोडा,” ती म्हणाली.

“मी हिची मोठी बहीण आहे.”

“ते कळलं मला. हात सोडा, तुमची नखं लागताहेत.”

मी हात सोडला. धाकटीच्या दंडावर चार खुणा उमटल्या होत्या.

“वर्ग आत चाललाय ना?” मी धापा टाकत विचारलं. “मग ही इथं काय करतेय? आणि तुम्ही?”

शिट्टीबाईने धाकटीकडे बघून विचारलं, “मी सांगू, की तुम्ही सांगता?”

“मला आत नाही जाता येत, ताई,” धाकटी म्हणाली. आवाज अगदी बारीक, पण तिने नखांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. “आत आरसे आहेत. गाणी मोठ्ठ्याने लावतात. सगळ्या हसून बोलतात. पहिल्या दिवशी मी गेटवरूनच परत फिरले, तर या मागोमाग बाहेर आल्या.”

“आतला वर्ग माझी सहकारी घेते,” शिट्टीबाई म्हणाली. “मी अर्धा तास इथं. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जायचं. तिथं थांबायचं, पुढं जायचं की परत फिरायचं ते यांनीच ठरवायचं. डोकं टेकलं तरी चालेल, बसकण मारली तरी चालेल. आत्ता डोकं टेकताना पाय खाली सरकला तेवढंच, मी बघत होते.”

“पण चाळीस मिनिटं लिहून दिलंय!”

“तुम्ही शर्टांच्या कारखान्यात आहात म्हणे. एकच माप सगळ्यांना बसतं का हो?”

असं गप्प बसवलेलंही मला खपत नाही.

“आणि तो फ्रिजवरचा कागद?” मी धाकटीला विचारलं. “चाळीस, सात, चाळीस, सात?”

“तो तुझ्यासाठी होता.” ती म्हणाली. “टेबलावर कडक चेकर असली की आम्ही लाइनीवर काय करायचो, माहितीये? गठ्ठ्यात वर चांगले पीस ठेवायचो. वरचे सहा-सात एकदम टकाटक. ते बघून चेकरचं समाधान होईपर्यंत खालचे लाइनीवर मागे ठेवून, उसवून नीट करायचे. मलाही तेवढा वेळ हवा होता. तू म्हणालीस एक दिवस चुकला तर वॉर्ड. मग मी वर सात ठेवले.”

एकोणीस वर्षांत ही युक्ती मला कुणी सांगितली नव्हती. कोण सांगणार?

“मग खालचा गठ्ठा कुठाय?”

शिट्टीबाईने परत धाकटीकडे बघितलं. धाकटीने मान हलवली. तेव्हा शिट्टीबाईने स्टुलाखालच्या पिशवीतून एक फाइल काढली आणि तिच्याच हातात दिली, माझ्या नाही. धाकटीने ती उघडून माझ्यापुढे धरली.

तसाच रेघांचा कागद, पण ‘किती वेळ’ खोडून तिथं ‘किती खांब’ लिहिलेलं. अक्षर वेडंवाकडं, कुठं पेन, कुठं पेन्सिल.

खांब शून्य, मन दोन. गेटपर्यंत आले.

खांब एक, मन दोन.

खांब चार, मन तीन. ऊन बरं वाटलं.

खांब शून्य, मन दोन. आज खोटा कागद आधी भरला, मग निघायला जीव राहिला नाही.

खांब नऊ, मन चार.

खांब अकरा, मन पाच. आठ आणि नऊच्या मधे थोडं पळाले. का ते माहीत नाही.

खांब दोन, मन दोन. शनिवारी ताईने टी-शर्ट हुंगला.

मी ते शेवटचं परत वाचलं. मग मला फुटपाथवर खाली बसावं लागलं. माझी एक चप्पल अजून गोदामापाशीच पडलेली होती.

“डॉक्टरांना हे माहीत आहे?” मी विचारलं.

“दर आठवड्याला हाच कागद त्यांच्याकडे जातो,” शिट्टीबाई म्हणाली.

“म्हणजे फसवलं ते फक्त मला.”

“हो,” धाकटी म्हणाली.

मला राग यायला हवा होता. आला नाही. आलं ते रडू, आणि तेही शहाण्यासारखं नाही, नाक गळणारं.

“याने हिला गुण येणार आहे का?” मी शिट्टीबाईला विचारलं. “खरं सांगा. खांबांना हात लावून?”

“ते मी आज सांगू शकत नाही. पुष्कळ जणींना येतो, सगळ्यांना येत नाही. गोळ्या चालू आहेत, डॉक्टर बघताहेत, त्याच्या जोडीला हे. पण यांनी सहाव्या आठवड्यात चाळीस मिनिटं आणि मन सात असं लिहिलं असतं ना, तर मी घाबरले असते.”

मलाही तीच भीती वाटली होती की! फक्त मी त्या भीतीचं काय केलं ते आता माझ्यासमोर पेन्सिलीने लिहिलेलं होतं.

धाकटी माझ्यासमोर उकिडवी बसली. “उद्या मला वॉर्डात नेणार आहेस?”

“मी घाबरलेय गं,” मी म्हटलं. “मागच्या वेळी मला कळलं नाही. रोज तुझ्याशी बोलत होते आणि काही कळलं नाही. म्हणून मी बूट बघते. म्हणून हुंगते. तू मला खरा आकडा सांग, मी काही हुंगणार नाही.”

“आणि सांगितला तर तू काय करशील?”

तिने हे रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. खोट सापडल्यावर काय करायचं हे मला एकच माहीत होतं, परत पाठवायचं.

“मन एकवर आलं, किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर लगेच डॉक्टरांना फोन. दिवस असो की रात्र,” शिट्टीबाई म्हणाली. “हे यांचं आणि आमचं ठरलेलं आहे, आणि त्या पाळतात. तुम्हीही तेव्हा फोनच करा. बाकीचे दिवस नुसते ऐकायचे असतात.”

नुसतं ऐकायचं! सांगायला काय जातंय, मला वाटलं.

घरी जाऊन मी फ्रिजवरचा कागद काढून फाडला. संध्याकाळी यांना सगळं सांगितलं, तर हे मान खाली घालून म्हणाले, “मला माहीत होतं. हॉस्पिटलची लिफ्ट बंद पडली होती तेव्हा गच्चीवरून दिसली मला ती, खांब धरून उभी. सांगू नको म्हणाली.”

“आणि तुम्ही सांगितलं नाहीत?”

“तू विचारलं कुठं होतंस? तू तर मला सांगत होतीस.”

मी यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. शनिवारी डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, गोळ्या तशाच ठेवल्या, खांबही तसेच ठेवले. मग मला विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?” मी ठरवून आलेलं सगळं गिळलं आणि म्हटलं, “मला कळत नाही.” त्या पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या.

पण खरी परीक्षा पुढेच होती. आता घरात कागद नव्हता आणि मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं. संध्याकाळी घरात शिरले की नजर फ्रिजकडे जायची आणि रिकाम्या पत्र्यावरून परत यायची. धाकटी आपणहून काही सांगत नव्हती. सोमवार गेला, बुधवार गेला, शुक्रवार गेला. निदान पूर्वी खोटं तरी सांगत होती, आता तेही नाही! बुटांचे तळवे बघायला हात शिवशिवायचे. एकदा मी बुटांपाशी जाऊनही उभी राहिले, आणि परत फिरून विनाकारण भांडी घासली. माझा तिच्यावर विश्वास बसला होता असं मी म्हणणार नाही. मी फक्त हात आवरले होते.

पुढच्या बुधवारी मी कामावरून आले तेव्हा ती दाराशीच जमिनीवर बसली होती. बूट अजून पायात, एका बुटाची नाडी सुटलेली. सकाळी आल्यापासून तशीच बसली असावी. मी तिला ओलांडून आत गेले, पिशवी ठेवली. मागून तिचा आवाज आला.

“ताई, दोन.”

इतके आठवडे मी सात वाचत होते आणि एकदाही माझा विश्वास बसला नव्हता. दोन ऐकलं आणि लगेच बसला. हात पिशवीतल्या फोनकडे गेला. मग मी परत दाराशी आले.

“मनात तसलं काही येतंय का?” मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा हे मी तिला असं तोंडावर विचारत होते.

“नाही. तसलं नाही. तसलं आलं तर सांगीन. नुसतं जड आहे सगळं.”

“खांब?”

“एकही नाही. गेटपर्यंत गेले आणि आले.”

गेटपर्यंत गेलीस हेही काही कमी नाही, असं म्हणणार होते. उद्या आपण दोघी जाऊ, असंही म्हणणार होते. थोडं खाऊन घे, तोंड धू, अशी पसरून बसू नको, अशी डझनभर वाक्यं तोंडाशी आली. ती सगळी मी गिळली आणि कामावरच्या कपड्यांत, तशीच, तिच्या शेजारी फरशीवर बसले.

“अजून सांग,” मी म्हटलं.

तिने सुटलेल्या नाडीचा बूट पायातून काढला आणि सांगायला लागली.